बाळंतपणाच्या रजेवर असताना नवऱ्याला कॅनडाला बोलवायचंय: फॉर्मात नोकरी ‘आहे’ लिहायचं की ‘नाही’?

कोकणात चाकरमानी म्हटलं की पूर्वी मुंबईच डोळ्यांसमोर यायची. आता मालवण, देवगड, वेंगुर्ल्यापासून गुहागर-हर्णैपर्यंत एखादी तरी लेक किंवा सून कॅनडात असलेली घरं सहज भेटतात. कुणी नर्सिंग करून गेलेली, कुणी शिकायला जाऊन तिथेच नोकरीला लागलेली. लग्न गावी होतं, ती परत जाते, नवरा इथे राहतो आणि मग त्याला तिकडे नेण्याचे कागद सुरू होतात. त्यात मधेच बाळ येतं. सगळा आनंद असतो, पण फॉर्म भरायला बसलं की गाडी एका रकान्यावर अडते: सध्या नोकरी करता का?

समजा, मुलगी टोरांटोजवळ एका वृद्धाश्रमात नर्स आहे. बाळ चार महिन्यांचं, ती रजेवर. नवरा मालवणात. रात्री व्हिडिओ कॉल लागतो, मागून सासऱ्यांचा आवाज येतो: “अगो, तू आता कामार जाणस नाय, मगे नोकरी आसा म्हणान कसा लिवतलस?” त्यांची शंका खोटेपणाला घाबरणाऱ्या सरळ माणसाची आहे. तिला नीट उत्तर मिळायला हवं, कारण या एका रकान्यापायी चांगले अर्ज महिनोन्‌महिने रखडवलेले मी पाहिलेत. “रजा संपू दे, मग अर्ज करू” असं म्हणत बाप आणि बाळ वर्षभर लांब राहतात, आणि त्याची काहीच गरज नसते.

नोकरी वेगळी, पगार वेगळा

गोंधळाचं मूळ आपल्याकडच्या पद्धतीत आहे. भारतात १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ही रजा भरपगारी असते. त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की रजेत पगार चालू म्हणजे नोकरी चालू. कॅनडात बहुतेक ठिकाणी रजेत मालक पगार देत नाही, पैसे दुसरीकडून येतात. पगार थांबलेला दिसला की घरच्यांना वाटतं, नोकरीच थांबली.

पण नोकरी म्हणजे मालक आणि कामगार यांच्यातला करार. तो रजेत तुटत नाही. उदाहरण किनाऱ्यावरचंच घ्या. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून शाकारून ठेवतात, जाळी विणायला काढतात, दोन महिने समुद्रातून दमडी येत नाही. तेवढ्या काळात कुणा मच्छीमाराची नौका नोंदणीतून जात नाही की त्याचा परवाना रद्द होत नाही. जुलैत त्याला धंदा विचारला तर तो मासेमारीच सांगतो, आणि ते खरंच असतं. बाळंतपणाच्या रजेवरची नर्स ही नर्सच असते, त्याच वृद्धाश्रमाची.

कायदाही हेच सांगतो. कॅनडात रजेचा हक्क बहुतेक नोकऱ्यांना प्रांताच्या कायद्यानं मिळतो. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टॅरिओत गरोदरपणाची रजा १७ आठवड्यांपर्यंत, आणि ती घेतलेल्या आईला त्यापुढे बालसंगोपनाची ६१ आठवड्यांपर्यंत. रजा संपल्यावर मालकानं तिला तीच जागा, ती उरली नसेल तर तिच्या तोडीची जागा द्यायची असते.

मग पैसे येतात कुठून?

एम्प्लॉयमेंट इन्शुरन्समधून. तिथे सगळे त्याला ईआय म्हणतात, आपणही तेच म्हणू. दर पगारातून थोडा हप्ता कापला जातो, मालकही आपला वाटा भरतो, आणि ठरावीक कारणांनी पगार थांबला की त्या विम्यातून भत्ता सुरू होतो. बाळंतपण हे त्यातलं एक कारण. साधारणपणे आधीच्या ५२ आठवड्यांत विम्याखालचं ६०० तास काम झालेलं असावं लागतं.

आईला प्रसूतीचा भत्ता १५ आठवड्यांपर्यंत. त्यानंतर बालसंगोपनाचा भत्ता, त्याचे दोन प्रकार. साधा प्रकार घेतला तर एका पालकाला ३५ आठवड्यांपर्यंत, सरासरी विमापात्र मिळकतीच्या ५५ टक्के दरानं. लांबवलेला घेतला तर ६१ आठवड्यांपर्यंत, पण दर ३३ टक्क्यांवर येतो. दोन्हींना कमाल मर्यादा आहे आणि ती दरवर्षी बदलते. काही मालक वरून थोडी भर घालतात, त्याला टॉप-अप म्हणतात. क्युबेक प्रांताची या भत्त्यांची स्वतःची योजना आहे आणि स्पॉन्सरशिपमध्येही, म्हणजे घरच्यांना बोलावण्याच्या अर्जातही, तिथे प्रांताची वेगळी पायरी आहे, तेव्हा तिथे राहणाऱ्यांनी पुढचं सगळं त्या प्रांताच्या नियमांशी ताडून घ्यावं.

तो घाबरवणारा कागद

रजा सुरू झाली की मालक ‘रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट’ काढतो, आरओई. बऱ्याच मुली तो पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांच्या पोटात गोळा येतो. त्यावर कामाचा शेवटचा दिवस असतो, तास असतात, मिळकत असते. नोकरीवरून काढलेल्यालाही हाच कागद मिळतो, राजीनामा दिलेल्यालाही हाच. म्हणून घरी फोन जातो, “त्यांनी मला काढलं वाटतं.”

तो कागद हातात घेऊन सोळावा चौकोन बघा. तिथे कागद का काढला त्याचं कारण एका अक्षरात असतं. काम नव्हतं म्हणून बसवलं तर ‘ए’, स्वतः सोडलं तर ‘ई’, मालकानं काढलं तर ‘एम’. प्रसूतीच्या रजेसाठी ‘एफ’, बालसंगोपनाच्या रजेसाठी ‘पी’. चौदाव्या चौकोनात कामावर परतण्याची अपेक्षित तारीख लिहायची सोय असते. ‘एफ’ असलेला आरओई नोकरी गेल्याचा दाखला नाही. मिळकत तात्पुरती थांबली आणि ती बाळंतपणामुळे थांबली, एवढंच तो सांगतो. कुणा जाणत्यानं “आरओई आला म्हणजे तू अनएम्प्लॉईड” असं सांगितलं तर त्याला हे अक्षर दाखवा.

फॉर्मात नेमकं काय लिहायचं

इथे शब्द एकदा स्पष्ट करून घेऊ. नवऱ्याला बोलावणारी बायको म्हणजे स्पॉन्सर. तिच्याकडे कॅनडाचं नागरिकत्व हवं किंवा पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना. स्पॉन्सर सरकारला लिहून देते की नवऱ्याच्या गरजा मी भागवीन, तो सरकारी मदतीवर जाणार नाही. ही हमी तो पीआर झाल्या दिवसापासून ३ वर्षांची असते. त्या काळात त्यानं प्रांताची मदत घेतलीच तर ती रक्कम तिला फेडावी लागते. हमी देणाऱ्याचं पोटापाण्याचं काय, हे सरकार विचारणारच. नोकरीचा रकाना त्यासाठी आहे.

त्या रकान्यात नोकरी चालू आहे असंच लिहायचं. मालकाचं नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख. संपल्याची तारीख नाही, कारण ती संपलेलीच नाही. आणि जिथे जागा असेल तिथे, नाहीतर सोबत जोडलेल्या पानभर खुलाशात, हे स्पष्ट लिहायचं: अमुक तारखेपासून प्रसूती व बालसंगोपन रजेवर, अमुक तारखेला कामावर परतणं अपेक्षित, सध्या ईआयचा भत्ता चालू.

हे दोन्ही भाग एकत्र हवेत. नुसतं ‘नोकरी चालू’ लिहून जुना पूर्ण पगार दाखवला तर चित्र अर्धवट राहतं. नुसतं ‘बेरोजगार’ लिहिलं तर ते खोटं ठरतं, आणि वर आपल्याच बाजूचा भक्कम पुरावा आपल्या हातानं पुसला जातो.

पुरावा म्हणून मालकाचं पत्र लागतं. एच.आर.ला नुसतं “एम्प्लॉयमेंट लेटर द्या” म्हटलं की ठरलेल्या नमुन्यातलं दोन ओळींचं पत्र येतं आणि त्यात रजेचा उल्लेखच नसतो. म्हणून मागताना लिहून मागा: कधीपासून कामावर, कायम की कंत्राटी, रजेपूर्वीचा पगार आणि आठवड्याचे तास, रजा कधी सुरू झाली, परत कधी येणार, आणि रजेतही ही व्यक्ती आमची कर्मचारी आहे असं एक वाक्य. हे शेवटचं वाक्य मिळेपर्यंत पाठपुरावा करा. त्याच्या जोडीला रजेआधीच्या पगारपावत्या, ईआय मंजुरीचा कागद आणि आयकर खात्याचं नोटीस ऑफ असेसमेंट, म्हणजे वर्षाच्या मिळकतीचा सरकारी गोषवारा.

त्या गोषवाऱ्यात रजेच्या वर्षाची मिळकत कमी दिसेल. साहजिक आहे. मालकाकडून टी-फोर, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा करासाठीचा दाखला येतो, भत्त्यासाठी टी-फोर-ई वेगळा येतो. भत्ता करपात्र असल्यानं दोन्ही विवरणात जातात. आकडा का उतरला ते खुलाशात एका वाक्यात सांगितलं की अधिकाऱ्याला तर्क करत बसावं लागत नाही.

“पण पगार नाही म्हटल्यावर अर्ज नाकारतील ना?”

ही भीती सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी आधाराची. कॅनडात नवऱ्याला किंवा बायकोला स्पॉन्सर करताना किमान मिळकतीची अटच सहसा नसते. आई-वडिलांना बोलावताना असते. जोडीदाराच्या बाबतीत ती फार थोड्या परिस्थितीत लागते, जसं की बरोबर येणाऱ्या अवलंबून मुलाला स्वतःचंच मूल असेल तर. ब्रिटनमधल्या मावसभावाचा अनुभव ऐकून कॅनडाचा अंदाज बांधला की घोळ होतो, कारण ब्रिटनमध्ये अशी अट आहे आणि ती कडक आहे.

अट नाही म्हणजे कुणी बघत नाही असं मात्र नाही. हे कुटुंब तिथे कसं राहणार, याचा विचार अधिकारी करतोच. नोकरी टिकून आहे, परतायची तारीख ठरलेली आहे, थोडी शिल्लक आहे, नवऱ्याच्या हाताला काही काम येतं, हे कागदावर दिसलं की त्याला पुरेसा आधार मिळतो. पगार थांबलाय म्हणून थांबून राहण्यात शहाणपण नाही, असं माझं ठाम मत आहे.

“सरकारी मदत घेता का?” याला काय उत्तर?

स्पॉन्सरला अपात्र ठरवणाऱ्या काही गोष्टी आहेत. त्यातली एक: ती सोशल असिस्टन्सवर असणं. म्हणजे अन्न, निवारा, कपडे अशा मूलभूत गरजांसाठी प्रांत देतो ती मदत. अपंगत्वामुळे घेतलेली मदत याला अपवाद आहे. घरी याचा अर्थ असा लागतो की भत्ता सरकार देतं, म्हणजे मदत घेतली, म्हणजे ‘हो’ला खूण.

नाही. ईआय हा हप्ते भरून मिळवलेला विमा आहे आणि तो केंद्र सरकारचा आहे. सोशल असिस्टन्स ही प्रांताची कल्याणयोजना. प्रसूतीचा भत्ता घेणारी बाई या प्रश्नाला ‘नाही’ असंच उत्तर देते आणि ते खरं असतं. मुलासाठी येणारा कॅनडा चाइल्ड बेनिफिटही यात धरला जात नाही. रात्री बाळ कडेवर घेऊन फॉर्म भरताना चुकून ‘हो’वर खूण गेली तर अर्ज नाहक अडकतो. म्हणून हे पान दिवसा, शांतपणे, दुसऱ्या कुणाला बरोबर घेऊन वाचा.

“एजंट म्हणतो, रजेचं नावच काढू नका”

असा सल्ला देणाऱ्याकडून फाइल परत घ्या. कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्यात कलम ४० आहे: महत्त्वाची माहिती खोटी दिली किंवा दडवली तर माणूस ५ वर्षं अपात्र ठरू शकतो. भुर्दंड इथे मालवणात बसलेल्या नवऱ्याला पडतो, सल्ला देणाऱ्याला नाही. शिवाय लपवून लपणार काय? टी-फोर-ई आयकरात आहे, आरओई सरकारच्या दप्तरात आहे, बाळाची जन्मतारीख त्याच अर्जात आहे. अधिकाऱ्यानं मालकाला फोन केला की एका मिनिटात कळतं. जी गोष्ट सांगितल्यानं काहीच बिघडत नाही, ती लपवून विश्वास घालवायचा कशाला?

करार रजेतच संपला असेल, किंवा परत जायचंच नसेल तर?

कंत्राटी नोकरी असेल आणि कंत्राटाची मुदत रजेच्या मधेच संपली असेल, तर त्या तारखेपासून नोकरी नाही. ती तारीख लिहायची, सध्या नोकरी नाही असं लिहायचं, भत्ता चालू असेल तर तेही. यानं अर्ज आपोआप पडत नाही; किमान मिळकतीची अट नाही हे इथेही लागू आहेच.

“बाळ मोठं होईपर्यंत परत जाणार नाही असं मनात आहे” असंही काहींचं असतं. मनातलं मनात. राजीनामा दिला नाही तोवर नोकरी आहे. फॉर्मावर सही करता त्या दिवशी जी स्थिती आहे ती लिहायची. पुढे राजीनामा दिला, रजा वाढवली, लवकर रुजू झालात किंवा मालकानं खरंच काढलं, तर इमिग्रेशन खात्याच्या ऑनलाइन फॉर्मातून ते कळवायचं, नवा कागद जोडून.

बाळंतपणाला माहेरी यायचं असेल तर

या मुद्द्यावर मला जास्त थांबावंसं वाटतं, कारण नोकरीच्या रकान्यापेक्षा इथे खरा धोका आहे आणि त्याची चर्चा कमी होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. तिकडे एकटीनं सगळं करण्यापेक्षा आईच्या हातचे डिंकाचे लाडू, शेकशेगडी, चुलतीच्या हातचं तेल-मालिश, हे कुणाला नको असेल? आणि रजा आहेच वर्षाची.

पण नियम असा आहे: स्पॉन्सरकडे पीआर असेल तर तिचं वास्तव्य कॅनडात हवं. बाहेर राहणाऱ्या पीआरला स्पॉन्सर करता येत नाही. नागरिक असेल तर बाहेरून अर्ज करता येतो, पण नवरा पीआर झाल्यावर दोघं कॅनडात राहणार हे दाखवावं लागतं. सुट्टीसाठी गावी आलेल्या पीआर मुलीला कुणी लगेच अपात्र ठरवत नाही. घर तिकडेच चालू आहे, भाडं जातंय, परतीचं तिकीट आहे, मालकाच्या पत्रात रुजू व्हायची तारीख आहे, तर तिचं वास्तव्य तिकडेच आहे हे दिसतं. तीच मुलगी भाड्याचं घर सोडून, सामान विकून वर्षभर गावी राहिली, तर मात्र तिचं वास्तव्य कुठे हा प्रश्न उभा राहतो. या ठिकाणी रजेचं पत्र तिचा आधार होतं. ईआय चालू असताना देशाबाहेर जात असाल तर ईआय देणाऱ्या सर्व्हिस कॅनडा या सरकारी खात्यालाही आधी कळवा.

दुसरी गोष्ट बाळाची. आई पीआर असताना बाळ कॅनडात जन्मलं तर ते तिथलं नागरिक. तेच बाळ मालवणच्या किंवा ओरोसच्या रुग्णालयात जन्मलं, आणि आई-वडिलांपैकी कुणी कॅनडाचं नागरिक नसेल, तर ते जन्मानं ना नागरिक ना पीआर. मग त्यालाही अर्जात घ्यावं लागतं, आणि मुलाच्या बाबतीतली हमी १० वर्षांची किंवा ते २५ वर्षांचं होईपर्यंतची, जे आधी येईल ते.

अर्ज चालू असताना बाळ झालं तर, कुठेही झालं तरी, कळवायचंच. जाहीर न केलेल्या मुलाला पुढे कुटुंब म्हणून बोलावण्याचा दरवाजा बंद होऊ शकतो. बारशाच्या गडबडीत हे राहून जातं. जन्मदाखला हातात आला की त्याच आठवड्यात कळवून मोकळं व्हा.

ब्रिटन आणि अमेरिकेत काय?

थोडक्यात सांगतो, म्हणजे नातेवाइकांच्या अनुभवांची सरमिसळ होणार नाही. ब्रिटनमध्ये जोडीदाराला बोलावणाऱ्याची वार्षिक मिळकत साधारणपणे किमान २९,००० पौंड हवी. ११ एप्रिल २०२४ पूर्वी हा आकडा १८,६०० होता. तिथे रजा ५२ आठवड्यांपर्यंत आणि सरकारनं ठरवलेला मातृत्व-पगार ३९ आठवड्यांपर्यंत, त्यातले पहिले ६ आठवडे सरासरी पगाराच्या ९० टक्के. पुढे तो बराच उतरतो आणि २९,००० गाठता येत नाहीत. पण त्याच मालकाकडे किमान ६ महिने नोकरी झालेली असेल तर रजा सुरू होण्याआधीच्या काळातला पगार पुरावा म्हणून देता येतो. हे माहीत नसल्यानं लोक रजा संपायची वाट बघत बसतात.

अमेरिकेत तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के मिळकत दाखवावी लागते, आणि नवं बाळ घरातल्या माणसांच्या संख्येत धरलं जात असल्यानं तो आकडाही वाढतो. कमी पडलं तर दुसरी व्यक्ती जोडीची हमी देऊ शकते.

आणि पुढे आई-वडिलांना बोलवायचं असेल

लांबवलेली रजा निवडण्याआधी हा हिशेब करून ठेवावा. कॅनडात आई-वडिलांना स्पॉन्सर करायला किमान मिळकतीची अट आहे, तीही साधारणपणे लागोपाठ ३ करवर्षांची, आणि घरातली माणसं जितकी जास्त तितका आकडा मोठा. क्युबेक सोडून इतरत्र त्यांची हमी २० वर्षांची. या हिशेबात बेकारीचा नेहमीचा ईआय भत्ता धरत नाहीत, पण प्रसूती आणि बालसंगोपनाचा भत्ता धरतात. म्हणजे भत्त्याची रक्कम वाया जात नाही, फक्त ती पगारापेक्षा बरीच कमी असते. ३३ टक्क्यांवर काढलेलं एक वर्ष त्या तिन्हींत आलं, तर त्या वर्षाचा आकडा खाली घसरू शकतो. नवराही अर्जावर सहस्वाक्षरी करू शकतो आणि दोघांची मिळकत मिळून धरली जाते. त्यासाठी तो आधी तिथे पोचून कमवायला लागलेला असला पाहिजे, म्हणून त्याचा अर्ज रजा संपण्याची वाट न बघता आत्ताच गेलेला बरा.